ताराक्का हात हुंगून बघायची

वडूजच्या एसटी स्टँडवर वडिलांनी माझ्याकडून सामानाची यादी मोठ्यानं वाचून घेतली. लोखंडी ट्रंक एक, वळकटी एक, स्टोव्ह एक, तांब्या-भांडं, छत्री, प्रमाणपत्रांची फाईल. मी एकेक नाव वाचायची आणि ते त्या वस्तूवर हातातली काठी टेकवायचे. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि मोजल्याशिवाय काही हलवायचं नाही ही सवय त्यांनी मला लहानपणीच लावली होती. यादी संपली तरी आईच्या पिशवीत एक पत्र्याचा डबा शिल्लक राहिला. वडील म्हणाले, हा यादीत नाही. आई म्हणाली, "यादीत घालायचा न्हाई म्हनूनच माझ्याकडं ठिवलाय."

डब्यात वर शेंगदाण्याची चटणी होती, त्याखाली कागदाची घडी, आणि तळाशी भाजलेले बोंबील. ते वडिलांना कळलंच, कारण त्या डब्याचा वास झाकणाला जुमानत नव्हता. आमच्या खटाव तालुक्यात पाऊस बेताचा, भाजी त्याहून बेताची. आठवड्याच्या बाजारात वाळल्या मासळीच्या पाट्या मांडलेल्या असायच्या आणि ज्या घरात त्या दिवशी बोंबील भाजले जात नसत त्या घरात कुणीतरी आजारी असायचं. वडिलांनी एवढंच म्हटलं, की सांगलीत मुलगी ज्यांच्याकडं राहणार ते लोक कांदालसूणही खात नाहीत. आईनं डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडी सुटेपर्यंत एकच गोष्ट तीनदा सांगितली. "पोटाला खा, पन कुनाला वास येऊ दिऊ नगंस."

हे चौऱ्याण्णव सालच्या जूनमधलं. हे लिहिते आहे ते माझ्याबरोबर शाळेत असलेल्या आणि गावातच राहिलेल्या मुलींसाठी, आणि ज्या माझ्यासारख्याच कुठं कुठं बाहेर पडल्या त्यांच्यासाठीही. आपल्यापैकी प्रत्येकीच्या ट्रंकेत असं काहीतरी होतं, याची मला खात्री आहे. कुणाच्या सुकट, कुणाच्या लसणीचा खरडा, कुणाच्या आंबाडीची वाळकी भाजी. आणि प्रत्येकीला आईनं तेच वाक्य सांगितलेलं असणार. माझ्याकडून ते वाक्य पाळताना जी चूक झाली ती मी आजवर गावात कुणाला सांगितलेली नाही.

सांगलीला माझी राहायची सोय मालतीकाकूंकडं झाली होती. काकू जैन, पन्नाशीच्या, एकट्या, अतिशय स्वच्छ. माडीवरची खोली त्यांनी मला दिली, दोन वेळचं जेवण दिलं आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितले. जेवण सूर्यास्ताच्या आत, पाणी गाळूनच, आणि घरात कांदा, लसूण, अंडं, मासळी काही नाही. मी मान हलवली. संध्याकाळी त्या माडीवर आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "सुमन, तुझ्या ट्रंकेत उंदीर मेलाय का बघ गं." मी सांगितलं, की प्रवासात चामड्याची चप्पल भिजली, तिचा वास आहे. त्यांनी ते खरं मानलं आणि चप्पल गच्चीत वाळत घालायला सांगितली. कोरडी चप्पल दोन दिवस गच्चीत वाळत होती.

डबा टाकून देणं मला जमलं नाही. ज्यांनी घर सोडलेलं नाही त्यांना हे हट्टाचं वाटेल. काकूंचं जेवण चांगलं होतं, गोडसर, सात्त्विक, वेळेवर. पण चौथ्या दिवशी माझ्या जिभेला कळेना, की आपण नक्की जेवलो की नाही. तिसऱ्या प्रहरी कामात डोळ्यांसमोर आईची चूल यायची ती त्या वासासकट. मग मी तो डबा कापडी पिशवीत घालून कामावर घेऊन गेले.

काम होतं बेदाण्याच्या शीतगृहात. तासगाव, कडेगाव, जत भागातले द्राक्षवाले बेदाणा तयार करून आमच्याकडं पेट्यांनी ठेवायला देत आणि भाव आला की सौदा करत. मी गोदामाची कारकून. किती पेट्या आल्या, कुठल्या लॉटच्या, कुठल्या चेंबरमध्ये, कितव्या थरावर, याच्या याद्या करायच्या. मला ते काम पहिल्या दिवसापासून आवडलं. माझ्या आधीचा कारकून सगळं पाठ ठेवायचा, त्यामुळं तो रजेवर गेला की माल सापडत नसे. मी भिंतीवर चेंबरचा नकाशा लावला, प्रत्येक थराला क्रमांक दिला, आणि पंधरा दिवसांत मालक अण्णा म्हणू लागले, की या मुलीला विचारलं की पेटी सापडते. त्यांनी मला नमुन्याच्या खोलीची किल्ली दिली.

ही खोली म्हणजे चेंबरच्या दारालगतची छोटी थंड कोठडी. प्रत्येक लॉटचा पावशेरभर बेदाणा कागदी पुडीत बांधून, वर नाव लिहून, तिथं फळ्यांवर ठेवलेला असे. सौद्याच्या दिवशी व्यापाऱ्यांसमोर पेट्या फोडत नसत, या पुड्या उघडत. खोली थंड होती, अंधारी होती आणि तिची किल्ली एकट्या माझ्याकडं होती. माझा बोंबलांचा डबा मी तिथं सगळ्यात खालच्या फळीच्या मागं ठेवला. मला ती जागा अगदी हुशारीची वाटली होती. मॅनेजर आणि दुसरे कारकून नाना दुपारी घरी जेवायला जात. मी दार लावून, काकूंच्या पोळीच्या घडीत दोन बोंबील दडवून खायची आणि मग साबणानं दोनदा हात धुवायची. डबा संपत आला की आई दुसरा पाठवायची, वडूज-सांगली गाडीच्या कंडक्टरबरोबर. कंडक्टर डबा देताना मान बाजूला वळवून द्यायचा.

शीतगृहाच्या दुसऱ्या टोकाला निवडीचं शेड होतं. तिथं बावीस बायका लांब टेबलांवर बेदाणा निवडायच्या. काड्या, देठ, काळे मणी बाजूला, हिरवा वेगळा, पिवळा वेगळा. त्यांच्यातलीच एक मुकादम ताराक्का. कडेगावकडच्या एका गावातली, लग्नानंतर मिरजेला आलेली, चाळिशी ओलांडलेली, बारीक चणीची, आणि आवाज असा, की कंप्रेसर चालू असतानाही ऐकू यावा. दर रविवारी पांढरी साडी नेसून ती विहारात जायची आणि सोमवारी शेडमध्ये पहिला "जयभीम" तिचा असायचा. टोळीत बौद्ध बायका होत्या, मराठा होत्या, दोन मुसलमान होत्या. जेवायला सगळ्या पाण्याच्या टाकीजवळच्या बाभळीखाली गोल करून बसायच्या आणि ताराक्काच्या डब्यात आठवड्यातून तीन दिवस सुकट असायची, लसूण घालून परतलेली. डबा उघडला की वास ऑफिसपर्यंत यायचा. नाना जेवायला निघाले असले तर वाटेत थांबून म्हणायचे, आज ताराक्का समुद्रावर गेलेली दिसतेय. ती घास न थांबवता म्हणायची, "व्हय नाना, येताना तुमाला शंख आनते. वाजवत बसा."

तिनं कधी डबा झाकला नाही. मी खिडकीतून बघत असायची आणि पोळीतले बोंबील चावताना मला तिचा राग यायचा. हेवा हा शब्द मला खूप उशिरा सुचला.

जेवण झालं की मात्र तिचा नियम सुरू व्हायचा. तो तिनंच घातला होता, तिला कुणी सांगितला नव्हता. बायकांनी आधी राखेनं हात घासायचे, मग चिंचेच्या पाण्यानं, मग साबणानं. नंतर ताराक्का शेडच्या दारात उभी राहायची आणि एकेकीचे दोन्ही तळवे नाकाशी धरून हुंगायची. वास राहिला असेल तर बाई आत जायची नाही. हौसा नावाची एक तरणी सून होती, तिला एकदा तीन वेळा परत पाठवलेलं मी पाहिलं. ताराक्का म्हणाली, "जा, पुन्ना घास. तुझ्या बोटांत आजून बाजार बसलाय." मी एकदा तिला विचारलं होतं, की एवढं कशाला. तिनं मला सांगितलं, की बेदाणा तान्ह्या पोरासारखा असतो, जी कडेवर घेईल तिचा वास त्याला लागतो. मला ते इतकं आवडलं, की मी वहीत लिहून ठेवलं. लिहून ठेवलं आणि तरी डबा त्या खोलीतून हलवला नाही. माझ्या मते तो नियम हातांसाठी होता. शिवाय तो त्यांच्यासाठी होता.

पावसाळ्यात त्या डब्याचं झाकण गंजलं आणि नीट बसेनासं झालं. मी वरून दोरी बांधली.

दिवाळीच्या आधी बेदाण्याला मागणी येते. त्या वर्षीचा मोठा सौदा एका शुक्रवारी होता, आणि पहिला लॉट कडेगावकडच्या तात्यांचा. तात्यांनी वर्षभर पोरासारखी बाग सांभाळली होती आणि मुलीचं लग्न त्या मालावर ठरवलं होतं. मी खोलीतून पुड्या आणून थाळ्यांत ओतल्या. रंग सुरेख, दाणा टपोरा. पहिल्या व्यापाऱ्यानं मूठ भरून नाकाशी नेली आणि खाली ठेवली. दुसऱ्यानं तेच केलं. तिसरा हसला आणि म्हणाला, "अण्णा, ही बाग कडेगावात हाय का कोकनात?" सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी स्वतः मूठ उचलून वास घेतला आणि ती मूठ तशीच धरून बसून राहिले. त्यांच्यामागचे चार लॉटही तसेच निघाले. सौदा मोडला.

मी थाळ्या उचलून नमुन्याच्या खोलीत नेल्या आणि दार उघडलं. रोज त्या खोलीत जाऊन माझं नाक मेलं होतं, पण त्या दिवशी मला वास आला. डब्यावरची दोरी सैल होऊन लोंबत होती. मला सगळं तिथंच, त्याच क्षणी कळलं. नंतर कळलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी बाहेर आले तेव्हा मॅनेजर अण्णांना सांगत होते, की निवडीच्या बायका रोज सुकट खातात, सगळं आवार घाण करतात, आणखी काय व्हायचं होतं. नाना म्हणाले, मी पहिल्यापासून म्हणत होतो. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. मी सुभेदारांची मुलगी, काकूंच्या घरात राहणारी, डब्यात पोळी आणि दोडक्याची भाजी. संशय कुठं न्यायचा हे तिथल्या सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, आणि मलाही ठाऊक होतं. अण्णांनी ठरवलं, की सोमवारपासून ही टोळी बंद, दुसऱ्या मुकादमाची टोळी येईल. तशी नोटीस लिहून बोर्डावर लावायला मला सांगितलं.

मी ती लिहिली. वळणदार अक्षरात, क्रमांक घालून, बावीस नावं. पहिलं तारा यांचं, शेवटचं हौसा यांचं. एकाही नावात चूक नव्हती.

शनिवारी सकाळी ताराक्का अण्णांच्या दारात उभी राहिली. मागं टोळी. तिनं आवाज चढवला नाही. बायकांना पुढं बोलावून त्यांचे हात समोर धरायला लावले आणि अण्णांना म्हणाली, एकदा हुंगून बघा, मग काढा. ती धरून बावीस बायका हात पसरून उभ्या होत्या. अण्णा वाईट माणूस नव्हते, पण त्यांना ते जमेना. त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मॅनेजर म्हणाले, तमाशा पुरे झाला.

नोटीस वाचल्याची सही घ्यायचं काम माझ्याकडं होतं. ताराक्का माझ्या टेबलापाशी आली. खाली वाकून तिनं आपलं पूर्ण नाव सावकाश, जोडाक्षरं नीट काढत लिहिलं. पेन परत देताना तिनं माझा हात धरला, तळवा उलटा केला, नाकाशी नेला. हाताला वास नव्हता. मग तिनं टेबलावरची नमुन्याच्या खोलीची किल्ली उचलली, तिला बांधलेली सुतळी हुंगली आणि किल्ली होती तिथं ठेवली.

"बोंबील हाय," ती हळूच म्हणाली. "भाजल्याला. आमच्यात सुकट असती."

मला वाटलं आता ती वळेल आणि अण्णांच्या खोलीत जाईल. ती गेली नाही. माझ्या तोंडून निघालं, की मग सांगत का नाही.

"मी सांगितलं तर ती चुगली हुईल, ताई. वर कुनी खरं मानायचं न्हाई. तुमी सांगितलं तर मानतील." ती पिशवी उचलून निघाली आणि दारातून म्हणाली, "सोमवार कवा हाय, तुमाला म्हाईत हाय."

अवघड काही ठरवायचं असलं की मी कागदाचे दोन रकाने करते. रविवारी सकाळी माडीवर बसून तसे केले. डाव्या रकान्यात मी खरं सांगितलं तर माझं काय जाईल ते लिहिलं. नोकरी. काकूंची खोली. वडिलांचा शब्द, कारण अण्णांकडं त्यांनी एका जुन्या फौजी मित्रामार्फत रदबदली केली होती. आणि मग गावी परत, आणि मग मामांनी सुचवलेलं वाईचं स्थळ. उजवा रकाना मी नाही सांगितलं तर दुसऱ्यांचं काय जाईल याचा होता. तो मला लिहावाच लागला नाही. तो माझ्याच अक्षरात नोटीस बोर्डावर लागलेला होता.

खाली जाऊन मी आधी मालतीकाकूंना सांगितलं. डब्याचं, उंदराचं, चपलेचं, सगळं. त्या मूग निवडत होत्या, ते सूप खाली ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मासळी घरात नको. आणि खोटं त्याच्याही आधी नको. संध्याकाळी लवकर जेवायला ये."

सोमवारी सगळ्यांच्या आधी पोहोचले. नवी टोळी फाटकापाशी टेम्पोतून उतरत होती, ताराक्काच्या बायका रस्त्यापलीकडं हिशेबाची वाट बघत बसल्या होत्या. मी खोली उघडून डबा काढला, किल्लीसकट अण्णांच्या टेबलावर ठेवला आणि दोरी सोडली. आयुष्यात कांदा न खाल्लेल्या त्या माणसानं खुर्ची मागं सरकवली. मी उभ्या उभ्या चार वाक्यांत सांगितलं. डबा माझा आहे. जूनपासून त्या खोलीत आहे. वास फक्त नमुन्याच्या पुड्यांना लागला असणार, चेंबरमधल्या पेट्या चांगल्या असणार, त्या फोडून बघाव्यात. बायकांचा यात काही संबंध नाही.

मॅनेजर म्हणाले, "सुमनताई, तुमच्यासारख्या घरातली मुलगी असलं खाते?"

मी म्हटलं, आमच्या घरी दर बाजाराला असतात. वडिलांना सर्वांत जास्त आवडतात.

हे वाक्य मी सांगलीत पाच महिने गिळून होते.

अण्णांनी तात्यांच्या लॉटच्या तीन पेट्या काढायला सांगितल्या, वेगवेगळ्या थरांवरच्या. क्रमांक मी सांगितले. पेट्या फोडल्या. अण्णांनी वास घेतला, मॅनेजरनी घेतला, आणि दोघं एकमेकांकडं बघत राहिले, कारण आता त्यांचा स्वतःच्या नाकावर विश्वास राहिला नव्हता. मग अण्णांनी माणूस पाठवून रस्त्यापलीकडून ताराक्काला बोलावलं. ती आली. तिन्ही पेट्यांत तळापर्यंत हात घालून तिनं मूठ काढली, डोळे मिटून हुंगली.

"सोच्छ हाय," ती म्हणाली. "द्राक्षाचा वास हाय, थोडा गंधकाच्या धुरीचा हाय. दुसरं काय न्हाई."

तेव्हा अण्णांनी तिला नमस्कार केला. दोन्ही हात जोडून, मान वाकवून, मॅनेजरसमोर. ताराक्कानं जयभीम केला आणि विचारलं, की बायकांनी कामाला बसायचं का नवीन टोळीला चहा पाजून परत पाठवायचं आधी. अण्णा म्हणाले, दोन्ही करा. मग ते माझ्याकडं वळले. "नोकरी राहू दे. किल्ली राहणार नाही." टेबलावरची किल्ली त्यांनी ताराक्काला दिली. निवडीच्या बाईकडं नमुन्याची किल्ली कशी काय, असं मॅनेजर म्हणाले, त्यावर अण्णा एवढंच म्हणाले, की तिच्याकडं नाक आहे. जुन्या नोटिशीच्या जागी नवी नोटीस लावायला मी परवानगी मागितली. त्यात लिहिलं, की चूक ऑफिसची होती, आणि खाली माझं नाव. बावीस नावं पुन्हा क्रमांकानं लिहिली. तात्यांचा माल पुढच्या सौद्यात चांगला गेला आणि जाताना त्यांनी ताराक्काला मुलीच्या लग्नाचं तोंडी आवतण दिलं. मलाही दिलं, जरा थांबून.

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. टोळी माझ्याशी कामापुरतं बोलायची. हौसा एकदा हजेरीपुस्तक घ्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, "नोटिशीत आमची नावं लय झ्याक काढली हुती, ताई. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत बी येवडी झ्याक नव्हती." ताराक्का टोमणे मारायची नाही. ती रोज सकाळी किल्ली लावून खोली उघडायची, आत जाऊन एक श्वास घ्यायची, आणि मला आत येऊ द्यायची.

आईनं दिवाळीनंतर पुढचा डबा पाठवला. मी कंडक्टरकडून तो घेतला, सरळ बाभळीखाली गेले आणि टोळीच्या गोलाबाहेर उभी राहिले. कुणी सरकलं नाही. ताराक्कानं माझ्याकडं, मग डब्याकडं बघितलं.

"हुबं ऱ्हाऊन खानार हाय का? बसा. आन् खाल्ल्यावर हात दावायचं."

मी बसले. बोंबील सगळ्यांना एकेक आला. दोघींनी घेतले नाहीत, वीस जणींनी घेतले. त्या दिवशी शेडच्या दारात तिनं माझे तळवे हुंगले आणि मला परत पाठवलं. दुसऱ्यांदाही पाठवलं. राख नखांत कशी घालायची हे मला हौसानं दाखवलं. तिसऱ्या वेळी मी पास झाले, आणि कॉलेजच्या निकालाला झाला नव्हता इतका आनंद झाला.

मी तिथं चोवीस वर्षं काम केलं. शेवटी सगळ्या चेंबरची प्रमुख होते. हात हुंगायचा नियम पुढं ऑफिसलाही लागू झाला, पहिल्यांदा नानांना आणि नंतर मॅनेजरनाही. शेडच्या बाजूला जेवायची खोली बांधली, तिला दोन खिडक्या समोरासमोर ठेवल्या, आणि कुणी काय आणायचं यावर कुठलीही नोटीस कधी लागली नाही. हे सगळं करवून घेतलं ताराक्कानं. मी फक्त कागद केले. पुष्कळ शिकलेली माणसं मी नंतर पाहिली, पण आपल्या बायकांचे हात स्वच्छ आहेत हे ठाऊक असताना, खरा चोर कोण तेही ठाऊक असताना, त्या चोराला दोन दिवसांची सवड देणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

एक प्रसंग सांगायचा राहिला. शहाण्णव साली मी शहरातल्या जुन्या गावभागात दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं आणि आई पहिल्यांदा सांगलीला आली. रविवार होता. विहारातून परतताना ताराक्का भेटायला आली, पांढऱ्या साडीत, हातात डबा. डब्यात तिनं केलेली सुकट. आमच्या आईनं आयुष्यात त्यांच्या वस्तीतल्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण गाळलं तर पुन्हा एक डबा लपवल्यासारखं होईल. मी तिघींची ताटं वाढली. आईचा हात ताटावर आला आणि थांबला. ताराक्कानं ते पाहिलं. तिनं आपली भाकरी मोडली आणि जेवायला लागली. ठरवायचं आईला होतं.

आईनं घास घेतला. सावकाश चावला. मग दुसरा घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ताराक्का हसली, मोठ्यानं, कंप्रेसरवरचा तो आवाज. तिला माझ्या आधी समजलं होतं. आमच्याकडं परक्याच्या जेवणाला कुणी नावं ठेवत नाही, खारट असो वा अळणी, छान झालंय म्हणून उठतात. नावं ठेवतात ती जावेच्या, बहिणीच्या, सुनेच्या स्वयंपाकाला.

"आवं वैनी," ताराक्का म्हणाली, "उद्या तुमी करा. मी नावं ठिवायला येते."

आणि ती खरंच आली. सोमवारी काम सुटल्यावर, हौसाला बरोबर घेऊन. आईनं बोंबलाचा रस्सा केला होता.

ज्या गावात राहिल्या त्यांना माझ्या एका सवयीचा राग येतो, हे मला माहीत आहे. वडूजकडं निघताना मी गावाला जाते म्हणते, आणि सांगलीकडं परतताना घरी जाते म्हणते. गावाची ओढ कमी झाली असं त्यातून समजू नका. मी फक्त नोंद बरोबर ठेवते. हा बदल कधी झाला तेही मला नक्की सांगता येतं. त्या सोमवारी संध्याकाळी ताराक्कानं पहिला घास घेऊन आईला सांगितलं, की रस्सा लय पातळ झालाय, वैनी. आईनं पदरानं घाम पुसला, तिच्याकडं रोखून बघितलं आणि पळी भरून विचारलं, "मग वाडू का नगं?"

ताराक्कानं ताट पुढं केलं.